मदत हवी आहे : घरी सायकल दुरुस्तीसाठी स्टँड घ्यावा की जुगाड करावा?

मंडळी, गिअरची सायकल घरीच सर्व्हिस करतो. गिअर सेट करताना मागचं चाक अधांतरी हवं आणि पेडल फिरायला हवं, तिथंच घोडं अडतं. उलटी करून ठेवा म्हणू नका; ब्रेक हायड्रॉलिक (नळीतल्या तेलाच्या दाबावर चालणारे) आहेत, लिव्हरच्या टाकीतली हवा नळीत शिरली की ब्रेक मऊ पडतो. शिवाय हँडल जमिनीला टेकल्यावर शिफ्टर (गिअर बदलायचे खटके) दाबणार कसे?

मागच्या चाकाजवळ अडकवायचा छोटा स्टँड स्वस्त असतो, पण पुढचं चाक काढायचं झालं की त्याचा उपयोग संपला. क्लॅम्पवाला उभा स्टँड उत्तम, पण आमच्या वन बीएचकेत तो मावणार कुठे?

बाल्कनीच्या स्लॅबला झोपाळ्याची कडी आहे. दोरीनं सीट आणि हँडल टांगून पाहिलं. चेनला तेल द्यायला झकास, पण घट्ट बोल्टवर पाना लावला की सायकलच गोल फिरते!

आता भिंतीत जीआय पाइप बसवून त्याला सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) पकडणारा क्लॅम्प लावावा म्हणतोय. फ्रेमची नळी पातळ, तिला क्लॅम्प नकोच. सायकल साधारण १५ किलोची, भिंत विटांची, प्लास्टर जुनं. अँकर फास्टनर (भिंतीच्या भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) धरेल का? कुणी केलं असेल तर फोटो टाका, आणि क्लॅम्पच्या जबड्याला आतून रबर कसलं लावलं तेही सांगा.