वर्दळ, रहदारी की गर्दी?

धरमपेठ : येत्या रविवारी नागपुरात आमच्या गटात जुन्या फिल्मा दाखवतोय. लुमिएर बंधूंनी फ्रान्सच्या ल्यों शहरातल्या एका चौकात घेतलेली १८९५ ची पन्नासेक सेकंदांची, सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्केट स्ट्रीटवर केबल कारच्या तोंडाशी कॅमेरा ठेवून घेतलेली १९०६ ची, अशा चार-पाच. गोष्ट नाही, रंगवलेलं पात्र नाही. नुसता रस्ता. पत्रकावर 'मूकपट' लिहिलं तर बाबा म्हणाले, "मूकपट म्हणजे फाळके, हे नव्हे." मग काय लिहू? आणि लोकांच्या त्या येण्याजाण्याला रहदारी म्हणायचं की वर्दळ?

महाल : बाबांच्या कानाला खटकलं ते बरोबरच. पण मूळ खोट वेगळी आहे. १९३१ साली 'आलम आरा' बोलली, तोवर बाकीच्यांना मुकं म्हणायचं कारणच काय होतं? पुण्यात रिक्षा हे नाव इंजिनवालीनं बळकावलं, म्हणून जुनीला 'सायकल' हे शेपूट लावावं लागलं. आपल्याकडे नवी ती ऑटो झाली आणि रिक्षा रिक्षाच राहिली. तसं.

शिवाय मूक म्हणजे ज्याला वाचा नाही तो. या फिल्मांत वाचेचं फारसं अडत नाही. गैरहजर आहेत त्या टापा, ट्रामची घंटा, फेरीवाल्याची हाळी. ('मुकी फिल्म' मात्र लिहू नका, पोरं 'मुका' वाचून हसत बसतील.)

आता रहदारी. राह म्हणजे वाट, हे फारसी. मोगलांच्या काळात राहदारी म्हणजे वाटेवरची जकात, नाहीतर पुढे जाऊ देण्याचा परवाना. आज ती वाहनांची झाली, आणि 'सुरळीत' किंवा 'ठप्प' याशिवाय तिला फारसं काही होता येत नाही. मार्केट स्ट्रीटच्या फिल्मेला ती चालेल: घोडागाड्या, मोटारी, मधूनच आडवी धावणारी माणसं.

वर्दळ माणसांची. प्रत्येक जण आपापल्या कामाला, कुणाचं कुणाकडे लक्ष नाही. लक्ष एका जागी गेलं की ती वर्दळ राहत नाही, गर्दी होते. संक्रांतीआधी बर्डीच्या बाजारात वर्दळ असते. मारबतीची मिरवणूक निघाली की इतवारीत गर्दी. या फिल्मांत हा बदल डोळ्यांदेखत घडतो. आधी वर्दळ असते. मग एखाद्या पोराला तिपाईवरचं खोकं दिसतं, ते थांबतं, त्याच्यामागे दुसरं, टोपीवाला काका मान वळवतो, आणि गर्दी. इंग्लंडात ब्लॅकबर्नला १९९४ साली एका दुकानाच्या तळघरात मिचेल आणि केनियन या जुन्या फिल्मवाल्यांच्या आठशेच्या आसपास फिल्मा सापडल्या. गिरणीतून सुटलेले कामगार त्यांत सरळ तुमच्याकडे बघतात. बघणारच: ती फिल्म जत्रेत दाखवली जायची आणि स्वतःला पडद्यावर शोधायला हीच माणसं पैसे देऊन यायची.

इतवारी : भाऊ, एक राहिलं. 'लोक जात आहेत' असं फिल्मेच्या नावाच्या पट्टीवर लिहू नका. आपण म्हणतो, 'लोक जाऊन राहिले'. जाऊनही राहिलेत, हे पुण्याच्या व्याकरणात बसत नाही.

महाल : व्याकरणात 'राहणे' तिथे फक्त सहायक क्रियापद आहे, अर्थ ओढू नका. (पण वाचून गंमत वाटली, हे खरं.) आणि फिल्मांतले लोक तुरुतुरु चालताना दिसतील त्याचं काय? हातानं फिरवलेली फिल्म सेकंदाला सोळाच्या आसपास चौकटींची, आपण ती चोवीसनं पळवतो. वेग कमी करून दाखवा, नाहीतर 'लोक पळून राहिले' लिहावं लागेल.

धरमपेठ : वेग उतरवतो, काका. पत्रकावर 'रस्त्याच्या जुन्या फिल्मा' एवढंच. ल्योंच्या पट्टीवर 'वर्दळ', मार्केट स्ट्रीटला 'रहदारी', ब्लॅकबर्नच्या कामगारांना 'गर्दी'. आणि सुरुवातीलाच, मोठ्या अक्षरात, 'लोक जाऊन राहिले'. बाबांना अजून दाखवलं नाही.