सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि पाणी: हेड उतरवण्याआधी काय तपासावं?

मदत हवी आहे. गाडी २००९ची, चार सिलिंडरची छोटी पेट्रोल हॅचबॅक, नंतर बाहेरून बसवलेलं मिक्सरवालं (गॅस हवेत मिसळून इंजिनला देणारं) सीएनजी किट. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा धुरावरून ब्रँडच्या भांडणात जाईल. मुक्काम नाशिक.

थंडीत सकाळी स्टार्ट केली की पांढरा धूर आणि सायलेन्सरच्या टोकाला पाणी, हे दरवर्षीचं. पण पूर्वी थोड्या वेळात थांबायचं. यंदा इंजिन चांगलं गरम झाल्यावरही सिग्नलला मागे पांढरं दिसतं. कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची) बाटली हळूहळू खाली जाते, पार्किंगमध्ये मात्र एक थेंब सांडलेला नाही. ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळसर साय जमते. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ. तापमानाचा काटा शहरात मध्यावर असतो, कसारा घाट चढताना जरा वर सरकला होता. सकाळी क्षणभर मिसिंग मारते, म्हणजे इंजिन अडखळतं.

गॅरेजवाल्याने ऑइलचं झाकण उघडून बघितलं आणि "हेड गॅस्केट गेलं, हेड उतरवून फेस करावं लागेल" असं सांगून मोकळा झाला. (हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, गॅस्केट म्हणजे त्याखालची सील, फेस म्हणजे घासून सपाट करणं.) गाडीच्या आजच्या किमतीत तो खर्च डोळ्यात येतो. इंजिन न खोलता खात्री कशी करायची? शिवाय समोरची काच आतून सारखी धुरकटते. त्याचा याच्याशी संबंध असेल का?

घाटवाट: कूलंट कमी होतंय आणि गळती दिसत नाही, म्हणजे गॅस्केटच. वेळ घालवू नका. काटा लाल पट्टीत गेला की अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं, मग खर्च दुप्पट.

दहाचा पाना: घाटवाट, घाई नको. धागाकर्ते, आधी सकाळच्या पाण्याची भीती सोडा. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं, आणि सायलेन्सर थंड असला की ते आतच साचतं. सीएनजीत तर हायड्रोजनचं प्रमाण जास्त, एक किलो मिथेन जळला की सव्वादोन किलो पाणी. त्यामुळे गॅसवरच्या गाडीची वाफ जास्तच दिसते. झाकणाखालची सायही एकटी काही सिद्ध करत नाही. घर ते ऑफिस छोट्या फेऱ्या झाल्या की ऑइल पुरेसं तापत नाही आणि ओलावा झाकणाला धरतो. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं झालं असतं तर मी वेगळं बोललो असतो.

खटकतं ते एवढंच की गरम इंजिनवर धूर आहे आणि कूलंट घटतंय. वाफ असेल तर सायलेन्सरपासून थोड्याच अंतरावर विरते. कूलंट जळत असेल तर धूर रेंगाळतो, गोडसर वास येतो. आता हे करा:

इंजिन पूर्ण थंड असताना (गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, दाबाखालचं पाणी तोंडावर येतं) झाकण काढून स्टार्ट करा आणि बुडबुडे बघा. एकदा पेट्रोलवर, एकदा सीएनजीवर. मग ब्लॉक टेस्ट करून घ्या: रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी लावतात, कूलंटमध्ये सिलिंडरमधला जळका वायू येत असेल तर द्रव पिवळा पडतो. चारही स्पार्क प्लग काढून शेजारी ठेवा. एखादाच वाफेने धुतल्यासारखा लख्ख असेल तर तो सिलिंडर पाणी पितोय. प्लग काढलेच आहेत तर कम्प्रेशनही (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजा. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचं कमी आलं तर मधलं गॅस्केट संशयित.

आणि ज्याकडे सहसा कोणी बघत नाही तो रिड्यूसर, म्हणजे सीएनजीचा दाब कमी करणारा भाग. गॅसचा दाब उतरताना तो गोठू नये म्हणून त्यातून इंजिनचं गरम कूलंट फिरवतात. जुन्या किटमध्ये आतली सील गेली की कूलंट गॅसच्या बाजूला जातं, तिथून मिक्सरमार्गे थेट इंजिनात. लक्षणं सगळी गॅस्केटचीच! सीएनजीच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून सीएनजी फिटरकडून रिड्यूसर ते मिक्सर हा पाइप काढून बघा, आतून ओला-चिकट आहे का.

काच धुरकटते त्याबद्दल: डाव्या पुढच्या सीटखालचं कार्पेट हाताने चाचपा. चिकट आणि गोड वास असेल तर हीटरची जाळी गळतेय. साधं पाणी असेल तर एसीचा ड्रेन पाइप तुंबलाय, किंवा पावसाळ्यातलं पाणी अजून मुरलेलं आहे.

धागाकर्ता: सगळं करून आलो. पेट्रोलवर बुडबुडे नाहीत, सीएनजीवर मधूनमधून येतात. ब्लॉक टेस्टचा द्रव निळाच राहिला. कम्प्रेशन चारही सिलिंडरचं जवळपास सारखं. गॅसच्या पाइपमध्ये हिरवट ओल मिळाली, फिटरही चकित झाला. कार्पेटखालचा फोम ओला होता, पण पाणी साधं. ड्रेन पाइपातून माती निघाली.

फिटरने रिड्यूसरच्या दोन्ही कूलंट नळ्या काढून एकमेकींना जोडल्या आहेत, सध्या फक्त पेट्रोलवर चालवतोय. बाटलीची पातळी हललेली नाही, गरम झाल्यावर धूर नाही. सकाळची वाफ आहेच.

घाटवाट: मान गये. पण घाटात काटा का चढला?

दहाचा पाना: कूलंट कमी आणि त्यात गॅसचे बुडबुडे, म्हणून. आता नवीन कूलंट भरून हवा नीट काढून घ्या, रेडिएटरचं झाकण बदला (त्याची स्प्रिंग सैल पडली की पाणी लवकर उकळतं) आणि मगच पुन्हा घाट चढा. रिड्यूसरला रिपेअर किट टाकून बघता येईल, पण एवढ्या जुन्याला मी नवाच बसवेन. तो बसेपर्यंत गॅसवर अजिबात चालवू नका, गरम पाण्याशिवाय रिड्यूसर गोठतो. फिटरकडे आहातच तर सीएनजीच्या टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी) कधी झाली तेही बघा, दर तीन वर्षांनी लागते.

धागाकर्ता: प्लेटवर तारीख बघितली, मुदत संपत आलीय. दोन्ही कामं एकदमच करतो. जुन्या मिक्सर किटला चालणारा रिड्यूसर नाशिकमध्ये मिळतो का, की ठाण्याहून मागवावा लागेल?