जीपच्या स्टिअरिंग नकलचे स्टड सारखे सैल पडालेत, कायमचा इलाज काय?

जांबोटी_जीपवाला
नमस्कार मंडळी. जुनी एमएम ५४० हाय माझ्याकडं, लिफ्ट केलीय, ३१ इंची टायर टाकलेत आणि टाय रॉड (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) वर घ्यायचा म्हणून दोन्ही नकलवर (पुढच्या चाकाबरोबर वळणारं कास्टिंग) वरनं वेगळा आर्म बनवून बसवलाय, चार-चार स्टडवर (बिनडोक्याचे आट्याचे बोल्ट), १२ एमएमचे. डांबरी रोडवर काय त्रास नाही पण पावसात शेताकडच्या वाटेनं नाहीतर कणकुंबीकडं दगडगोट्यातनं एक फेरी झाली की डावीकडचे नट सैल, स्टिअरिंग वळवलं की खट्ट आवाज. टाईट करतोय, परत तेच. आट्याला लावायचा गोंद, लोकटाईट लावलं, तेबी टिकलं नाही. मिस्त्री म्हणालाय डबल स्प्रिंग वॉशर टाक, नाहीतर सरळ वेल्डिंग मारून टाकू. चोर्ला घाट उतरायची हिंमत होईना झालीय, सांगा की कायतरी.

निपाणीकर
वेल्डिंगचं नावबी काढू नको भावा. नकल कास्टिंग हाय, तापवून गार झालं की वेल्डच्या कडेला चीर जाणार आणि ती तुला दिसणार घाटातच. स्प्रिंग वॉशरचं म्हणशील तर एवढ्या टॉर्कला (आवळायच्या जोराला) तो दबून सपाट होतोय, मग साधा वॉशर आणि त्याच्यात फरक काय राहिला? घालायचाच असेल तर नॉर्ड-लॉकसारखा उतार असलेला जोडीचा वॉशर घाल. आणि लोकटाईट कुठलं लावलंस, तेल पुसलं होतंस काय आधी?

उद्यमबाग_लेथ
जीपमधलं मला फार कळत नाही, पण असले जॉइंट रोज हाताखालनं जातात. आर्मला स्टड धरून ठेवतोय असं सगळ्यांना वाटतं, तसं नसतंय. स्टड ताणला जातो, त्या ताणानं आर्म नकलवर दाबून बसतो आणि दोन तोंडांमधलं घर्षण सगळा धक्का खातं. ते तोंड केसभर जरी आडवं सरकायला लागलं की नट आपोआप उलटा फिरतो, मग वर काय पण लाव. युंकर नावाच्या जर्मन इंजिनियरनं १९६९ लाच हे मशीनवर दाखवून दिलंय. त्यामुळं नट नंतर, आधी तोंड बघ. आर्म काढ आणि खाली पेंट, फाटका शिम (पातळ पत्रा), ग्रीस काय हाय ते बघ. तांबूस पावडर दिसली तर समज आर्म घासत होता. मार्किंग ब्लू लावून बसव, निळा डाग सगळीकडं समान उठला पाहिजे, नसेल तर सरफेस मारून घे. पेंट तर अजिबात नको, तो दबत जातो आणि टॉर्क खातो. दुसरं, स्टड भोकाच्या तळाला टेकलाय काय? टेकला असेल तर नट टाईट लागतोय असं वाटतं पण आर्म दाबलाच जात नाही. कास्टिंगमध्ये निदान १८ एमएम आटे धरले पाहिजेत. आणि ताणून लांब झालेला स्टड परत वापरायचा नाही, नवीन १०.९ ग्रेडचाच (जास्त ताकदीचा) घे, बाजारातला बिनमार्काचा नको.

लालमाती_४x४
जुन्या लँड क्रूझरला (६०, ८० सिरीज) हाच आजार हाय, मोठे टायर घातले की नकल आर्मचे स्टड ढिले. तिथं कंपनीनं आर्मच्या भोकात कोन वॉशर (शंकूच्या आकाराचे) दिलेत, ते भोकात गच्च बसून आर्म मधोमध धरतात, नटाला टॉर्क ९६ न्यूटन मीटर. तुझ्या आर्मला साधं भोक असणार, म्हणजे स्टडभोवती मोकळी जागा, सरकायला वाट. शिवाय नकलचं सील गळत असेल तर ग्रीस वर चढून जॉइंटमध्ये शिरतं, ते आधी बदल. आणि फुल लॉकला (स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर) चाक अडवणारा स्टॉप बोल्ट टेकतोय का बघ, टेकत नसेल तर तो मार दुसरीकडं, आर्म-लिंकेजवर पडतो.

जांबोटी_जीपवाला
आज खोललं. लेथवाले अण्णा, तुम्ही म्हणाला तेच, खाली जाड काळा पेंट होता आणि कडेला तांबडी पावडर. एक स्टड तळाला टेकलेला. सील पण गळालंय. पण दोन भोकं लांबट झालीत आर्मची, आता?

उद्यमबाग_लेथ
लांबट झाली म्हणजे आर्म गेला, भोक वेल्डनं भरून परत ड्रिल करायच्या भानगडीत पडू नको. नवीन आर्म कर, त्यात टेपर भोकं आणि कोन वॉशर, नाहीतर जोडीला भोकात गच्च बसणाऱ्या दोन डॉवेल पिन, म्हणजे आडवा धक्का पिन खातील. स्टडचे नकलमधले आटे ब्रेक क्लिनरनं धुवून लोकटाईट २६३, हातानं बसव, आवळू नको, २४ तास वाळू दे. वरचे नट कोरड्या आट्यावर क्रॉसनं दोन टप्प्यात, १०.९ ला ११० न्यूटन मीटरच्या आसपास. लावल्यावर नटावरनं आर्मवर पिवळ्या पेंटची रेघ ओढ, मग पाना न लावता लांबनंच कळतंय हललाय का. पहिल्या खडतर फेरीनंतर एकदा टॉर्क रेंचनं बघायचं.

निपाणीकर
आणि गाडी चालू ठेवून कुणालातरी स्टिअरिंग डावं-उजवं करायला लाव, तू जॉइंटच्या फटीवर बोट ठेवून बस. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतंय. हात लिंकेजमध्ये घालू नको फक्त.

जांबोटी_जीपवाला
अण्णा, आर्म तुमच्याकडंच करून घेऊ काय? शनिवारी येतो.

उद्यमबाग_लेथ
ये की. नुसता आर्म नको, दोन्ही नकल खोलून आण, भोकं जुळवून मारायला लागतात. आणि ग्रीस पुसून आण बाबा, मागच्या वेळी एकजण तसंच घेऊन आला आणि मशीनचा सगळा बेड धुवत बसलो.