कॅट काढल्यावर ॲव्हरेज वाढतं का?

'कॅट काढला की इंजिन मोकळं होतं आणि ॲव्हरेज वाढतं' असं दोघांनी लिहिलंय. कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सायलेन्सरच्या वाटेत धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा. कॅट चोंदला असेल तर मान्य, पण धडधाकट कॅट काढून हाती काही लागत नाही. पेट्रोल किती सोडायचं हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, कॅटच्या आधीच्या ऑक्सिजन सेन्सरवरून ठरवतो (वजनाने एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा). काढाकाढीत त्या सेन्सरची वायर तुटली की ईसीयू अंदाजपंचे चालतो, आणि अंदाज बहुतेकदा जास्त पेट्रोलकडेच झुकतो. थोडा धूर परत इंजिनात फिरवणाऱ्या ईजीआर व्हॉल्व्हचंही तसंच. पेट्रोल गाडीत, जिथे तो आहे तिथे, कमी लोडवर तो थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) जास्त उघडा ठेवू देतो, म्हणजे इंधन वाचवतोच. पत्र्याची चकती घालून तो बंद करणाऱ्यांना हे कोण सांगणार!

डीपीएफची, म्हणजे डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, गोष्ट मात्र वेगळी. साचलेली काजळी जाळायला जादा डिझेल लागतं, त्यामुळे तो काढल्यावर थोडा फरक पडतो हे खरंय. पण कोल्हापुरात राजारामपुरी ते शाहूपुरी एवढंच फिरणाऱ्या गाडीत ती काजळी जळायला सवडच मिळत नाही. मेहुण्याच्या बीएस-६ डिझेलला सारखा डीपीएफचा दिवा लागायचा. उद्यमनगरात एकाने 'काढूनच टाकूया की' म्हणून सुचवलं. आम्ही गाडी हायवेला घातली, एक गिअर खाली ठेवून दोन हजारांच्या वर आरपीएम धरत निपाणीकडे निघालो. कागलच्या पुढे दिवा गेला. आता रविवारी तो मुद्दाम तेवढी चक्कर मारतो.