प्रति: नव्या प्राध्यापकांना नेतृत्व कशाला शिकवायचं?
'आधी नीट शिकवायला तर शिकू दे, नेतृत्वाचं मग बघू' हे मत काही पटलं नाही. बेळगावात मेडिकल कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर म्हणून लागले आणि दुसऱ्याच आठवड्यात युनिटचा ड्युटी चार्ट माझ्या गळ्यात पडला. गणपतीत सुट्टी कुणाला, यावरून दोन पीजी (पदव्युत्तर शिकणारे डॉक्टर) महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते. सिस्टर कन्नड, खानापूर-चंदगडकडचे पेशंट मराठी, निम्मे विद्यार्थी हिंदी. निरोप तिसऱ्या तोंडी जाईपर्यंत त्याचं पार भजं व्हायचं. हे कुठल्या एमडीत शिकवतात?

एनएमसीचा, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा, शिक्षकांसाठीचा बेसिक कोर्स केला. उद्दिष्टं लिहिणं, प्रश्नपत्रिका, फीडबॅक, सगळं उपयोगाचं. पण आमच्या बॅचला माणसं सांभाळण्याबद्दल ओझरतंच ऐकायला मिळालं. (जेवण मात्र झकास होतं.)

फाइमर या वैद्यकीय शिक्षणावर काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेची शिक्षकांसाठीची फेलोशिप त्या मानाने वेगळी. मुंबईत सेठ जीएस मेडिकल कॉलेजात ती २००५ मध्ये सुरू झाली, मग लुधियानाचं सीएमसी, कोइमतूरचं पीएसजी. दोन वर्षांचं काम, आणि आपल्याच कॉलेजात शिक्षणातला एखादा बदल प्रकल्प म्हणून करून दाखवायचा. माझ्या मैत्रिणीने केली. तिच्या मते निम्मा अभ्यासक्रम म्हणजे विभागप्रमुखांची सही मिळवणं. तीन वेळा फाइल परत आली, चौथ्यांदा मैत्रीण आधी त्यांच्याकडे चहाला गेली.