मदत हवी आहे: सुटलेली मालगाडी मुलांनी थांबवायची कशी? (कार्टूनसाठी)

कागदकात्री

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीतल्या मुलांनी यंदा गणपतीत नाच करायला साफ नकार दिलाय. त्यांना कार्टून करायचंय. पुठ्ठ्याची चित्रं कापायची, मोबाइल स्टँडला लावायचा, चित्र जरासं सरकवून एकेक फोटो काढायचा. सहा मिनिटांची फिल्म. वय वर्षं नऊ ते बारा. मोठ्यांपैकी मी एकटीच अडकलेय.

गोष्ट त्यांचीच आहे. खंडाळ्याच्या घाटात एक मालगाडी ड्रायव्हरशिवाय सुटते आणि कर्जतकडे धावत निघते. रमी, तिचा धाकटा भाऊ पिंट्या आणि घाटातल्या मंकी हिलचं एक माकड, हे तिघं मिळून ती थांबवतात. कशी थांबवतात यावरून रोज भांडणं. आतापर्यंतच्या सूचना: माकड डोंगरावरून दगड लोटतं, पिंट्या शेवटच्या डब्याला दोर बांधून ओढतो, रमी पुलावरून टपावर उडी मारते. एक मुलगा मात्र प्रत्येक वेळी "असं खरं होत नाही" म्हणून सगळ्यांना गप्प करतो. त्याचं समाधान झाल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही.

तर जाणकारांना प्रश्न:

ड्रायव्हर नसताना गाडी खरंच अशी पळू शकते का? ब्रेक आपोआप लागत नाहीत? वरच्या तारेतली वीज बंद केली तर थांबेल ना? आणि मुलांनी रुळांवर पाऊलही न ठेवता करण्यासारखं काही आहे का? ही शेवटची अट माझी. बाकी माकडाला काहीही करायला लावा.

पाऊलखुणा

तुमच्या अटीला माझे दोन्ही हात वर. टपावरची उडी काढाच, वर पंचवीस हजार व्होल्टची तार असते. लहान मुलं हिरोने केलेलं करून बघतात. रुळांवर विनापरवाना जाणं रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हाही आहे, पण ते मुलांना सांगून काही उपयोग नाही. वांगणीचा २०२१चा व्हिडिओ दाखवा. पॉइंट्समन मयूर शेळके यांनी समोरून एक्सप्रेस येत असताना रुळांवर पडलेल्या मुलाला वर ढकललं होतं. गाडी किती झटकन अंगावर येते ते त्यात कळतं.

निवांत_नाना

मागून दुसरं इंजिन पाठवा की! अमेरिकेत ओहायो राज्यात २००१च्या मे महिन्यात हेच झालं होतं. सत्तेचाळीस डब्यांची मालगाडी, इंजिनात कोणी नाही, शंभर किलोमीटरहून जास्त धावली. शेवटी दुसऱ्या इंजिनाने मागून गाठून तिला कपलिंग लावलं, स्वतःचे ब्रेक दाबून वेग कमी केला आणि एक कर्मचारी बाजूने पळत इंजिनावर चढला. यावर सिनेमा निघाला तो उगाच नाही.

घाटकरी

कर्जतला बँकर इंजिनांवर, म्हणजे घाट चढणाऱ्या गाडीला मागून ढकलणाऱ्या इंजिनांवर, बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे हा धागा सोडवेना. सविस्तर लिहितो.

नाना, तुमचं इंजिन सपाटीवर ठीक आहे. भोर घाटात, म्हणजे तुमच्या खंडाळ्याच्या घाटात, चढ आहे सदतीसास एक, म्हणजे सदतीस मीटर गेलात की एक मीटर खाली. भरलेली मालगाडी या उतारावर सुटली तर तिच्यामागे इंजिन घेऊन जायला मी तरी तयार झालो नसतो.

आता ब्रेक. गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक पाइप असतो आणि त्यात दाबाखाली हवा असते. लोकांना वाटतं हवा सोडली की ब्रेक सुटतो. उलट आहे. पाइपमधला दाब कमी झाला की ब्रेक लागतो. त्यामुळे पाइप फुटला, डबे तुटून वेगळे झाले, कोणी साखळी ओढली, तरी गाडी थांबते. इंजिनात आणखी एक सोय असते. चालू गाडीत ड्रायव्हरने साधारण मिनिटभर कशालाच हात लावला नाही तर दिवा लुकलुकतो, मग बझर वाजतो, तरीही हालचाल नाही तर ब्रेक लागतात. म्हणजे तुमच्या त्या शंकेखोर मुलाचं म्हणणं बऱ्याच अंशी बरोबर आहे.

पण बऱ्याच अंशीच. डब्याचा ब्रेकसुद्धा हवेनेच दाबलेला असतो, प्रत्येक डब्याखाली तिची टाकी असते. इंजिन बंद करून गाडी तासन्‌तास उभी ठेवली की ही हवा हळूहळू गळते आणि ब्रेक आपसूक ढिले होतात. म्हणून गाडी सोडून जाताना हँडब्रेक फिरवायचे आणि चाकांखाली लाकडी पाचर लावायची असा नियम आहे. तो पाळला नाही की गाडी सुटते. फेब्रुवारी २०२४मध्ये जम्मूतल्या कठुआहून खडीने भरलेली त्रेपन्न डब्यांची मालगाडी अशीच निघाली आणि सत्तर किलोमीटरहून जास्त अंतर तोडून पंजाबात उंची बस्सीजवळ थांबली. तिथे चढ होता आणि रुळांवर लाकडी ठोकळे टाकले होते. एप्रिल २०१८मध्ये ओडिशात टिटलागढला अहमदाबाद-पुरी एक्सप्रेसचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचं होतं, तेवढ्यात डबेच निघाले, प्रवाशांसकट. रुळांवर दगड टाकून थांबवले. कोणाला इजा झाली नाही.

आणि माकडवाल्यांसाठी खास किस्सा. नोव्हेंबर २०१७, कर्नाटकातलं वाडी जंक्शन. चेन्नईहून मुंबईला येणाऱ्या मेलचं विजेचं इंजिन काढून डिझेल लावलं. ड्रायव्हर खाली उतरला आणि काढलेलं इंजिन एकटंच चालू लागलं. रेल्वेच्या माणसाने मोटरसायकलवरून पाठलाग केला, तेरा किलोमीटरवर नालवारजवळ वेग कमी झाल्यावर वर चढून ते थांबवलं. हे कार्टून नाही, पेपरात आलं होतं.

वीज बंद करण्याबद्दल: इंजिन स्वतःच्या जोरावर पळत असेल तर उपयोग होईल. उतारावर गाडी वजनाने पळते, तिला वीज लागतच नाही.

कागदकात्री

काका, मुलांना वाचून दाखवलं. मोटरसायकलवर माकड बसवायचं एकमताने ठरलंय. पण घाटात रुळांशेजारी रस्ता कुठला? मग थांबवायची कशी?

घाटकरी

थांबवायची नाहीच. ती आपोआप थांबते, आणि तुमच्या गोष्टीची खरी अडचण तिथेच आहे.

घाटात कॅच सायडिंग असतात. खाली येणाऱ्या प्रत्येक गाडीला मंकी हिल, नागनाथ, ठाकूरवाडी इथे उभं राहावं लागतं. पुढचा सांधा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणारा जोड, नेहमी मुख्य मार्गाकडे नसतो, बाजूच्या फाट्याकडे लावलेला असतो. तो फाटा डोंगराच्या अंगाला वर चढतो. गाडी नीट थांबली, म्हणजे ब्रेक ताब्यात आहेत हे दिसलं, की मगच सांधा सरळ होतो आणि सिग्नल मिळतो. न थांबणारी गाडी सरळ फाट्यात शिरते आणि चढावर दमून उभी राहते. म्हणजे रमी-पिंट्या घरी झोपले असते तरी कर्जत वाचलं असतं.

सिग्नलवाला

काकांचं बरोबर. नाट्य हवंच असेल तर एक वाट आहे. समजा गाडी नियमाप्रमाणे थांबली, सिग्नल मिळाला, सांधा सरळ झाला आणि नेमकी तेव्हाच ती सुटली. आता केबिनमधल्या माणसाला सिग्नल परत लाल करून सांधा फाट्याकडे वळवायचाय. दिलेला मार्ग असा झटक्यात मागे घेता येत नाही. गाडी सिग्नलजवळ आलेली असेल तर यंत्रणा एकशेवीस सेकंद मोजते आणि मगच सांधा मोकळा करते. गाडी त्याआधी सांध्यावर पोचली तर संपलं. मुलांचं काम एवढंच की निरोप लवकर पोचवायचा. गेटमनकडे फोन असतो. कोणालाही १३९ लावता येतो, पण तिथे आधी भाषा निवडावी लागते, तोवर तुमची गाडी कर्जतला चहा पिऊन येईल.

कागदकात्री

दोन मिनिटांचं घड्याळ झकास आहे! फक्त नऊ वर्षांच्या पोरांना "यंत्रणा मार्ग मोकळा करते" हे पुठ्ठ्यातून दाखवायचं कसं, या विचारानेच घाम फुटला.

पाऊलखुणा

मला वेगळंच सुचतंय. गाडी फाट्यात जाणारच आहे ना? मग फाट्यात कोण आहे ते बघा. खंडाळ्याच्या डोंगरात धनगरवाडे आहेत. सायडिंग बहुतेक वेळ रिकामी, दोन्ही बाजूंना गवत. तिथे धनगर आजोबांच्या शेळ्या चरतायत आणि आजोबा झाडाखाली घोरतायत. गाडी थांबेल हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण शेळ्यांच्या आधी थांबेल की नंतर? रमीला काम मिळालं, तेही रुळांपासून लांब.

घाटकरी

ताई, मानलं! शेळ्या हाकलून हलत नाहीत, खायला दाखवलं की येतात. माकडाने उंबरावर चढून डहाळ्या खाली टाकायच्या. रमी-पिंट्याने कुंपणाबाहेरून त्या हलवत हाका मारायच्या. माकडं तशीही झाडाची निम्मी पानं खाली सांडतात, त्यात खोटं काही नाही.

चित्रविचित्र

अ‍ॅनिमेशन शिकवतो म्हणून थोडं तांत्रिक. सेकंदाला बारा फोटो धरले तर सहा मिनिटांना चार हजार तीनशेवीस फोटो होतात. मुलं तिसऱ्या दिवशी पळून जातील. सेकंदाला आठ पुरे, आणि फिल्म तीन मिनिटांची करा. गाडी जागेवर ठेवा, मागचे डोंगर एका लांब कागदी पट्टीवर काढून ती पट्टी सरकवा. जवळची झाडं भराभर, लांबचे डोंगर सावकाश. वेग आपोआप दिसतो, चाकं फिरवायची गरज नाही. शेळ्यांचे पाय वेगळे कापून टाचणीने जोडायच्या भानगडीत पडू नका. कळपाचा एकच तुकडा करा आणि वर-खाली हलवा.

अवांतर: गाडीला डोळे-तोंड लावू नका. मग ती बिचारी वाटते आणि मुलं शेळ्यांना विसरतात.

कागदकात्री

सगळं पटलं, शेळ्या पास झाल्या. शंकेखोर साहेबांचा एकच प्रश्न उरलाय, आणि मला उत्तर आलं नाही: गाडी चढावर जाऊन थांबली, तर तीच परत मागे घसरत येणार नाही का?

घाटकरी

त्याला रेल्वेत पाठवा. येईल की! ब्रेक नसतील तर नक्की येईल. म्हणून अशा फाट्यांच्या टोकाला वाळूही वापरतात, चाकं तिच्यात रुतली की गाडी जागची हलत नाही. तुमच्या गोष्टीत ड्रायव्हर आणि असिस्टंट धापा टाकत मागून येतीलच ना? त्यांच्या हातात लाकडी पाचरी द्या. गाडी थांबली रे थांबली की चाकांखाली सारायच्या. वर उभी असताना लावायला विसरले होते, त्याच.

आणि मुलांच्या पोस्टरवर इंजिनातून धूर निघताना काढलाय का? असेल तर खोडून टाका. हा घाट विजेवर चालू होऊन नव्वदहून जास्त वर्षं झाली. वरची तार मात्र काढा.

निवांत_नाना

वाचनखूण साठवली. मोटरसायकलवरच्या माकडाचं काय झालं मग?

कागदकात्री

नाना, ते आता झाडावर आहे. पिंट्याची भूमिका करणारा रुसलाय, त्याला गाडी चालवणाऱ्या माकडाच्या मागे बसायचं होतं. शेवटच्या सीनमध्ये धनगर आजोबांना जुनी लूना देऊन बघते.