मदत हवी आहे: एमटीटी चाचणीत पेशी जिवंत, मायक्रोस्कोपखाली मेलेल्या

वैतागलेला: नॅनोकणांची विषारकता तपासतोय. सर्वांत जास्त मात्रेला एमटीटीत (जिवंत पेशी पिवळा एमटीटी जांभळा करतात, तो रंग मोजायचा) कण न घातलेल्या पेशींच्या १३०% पेशी जिवंत! मायक्रोस्कोपखाली त्याच पेशी गोल होऊन सुटल्यात. परवा सरांना आकडे द्यायचेत. खरं कोणतं धरू? लवकर सांगा.

पेशीवाली: कण कसले? लेप? पेशी वाढवायच्या माध्यमात सीरम (रक्तातला द्रव) होतं का?

वैतागलेला: सोन्याचे, अर्थातच. सीरम नेहमीचंच, १०%.

जुना खेळाडू: अर्थातच? आम्हाला कसं दिसणार? गोल कण की कांड्या?

वैतागलेला: कांड्या. सीटॅबमधल्या (साबणासारखं रसायन, कांड्यांवर त्याचाच लेप).

पेशीवाली: अहो, हे आधी सांगायचं! मोकळा सीटॅब पेशीचं पटल फोडतो. त्यात कांड्या वाढवताना एस्कॉर्बिक आम्ल घालता. ते मागे राहिलं तर एमटीटीला पेशींशिवायच जांभळं करतं. वर जांभळा रंग मोजतात त्या ५७० नॅनोमीटरच्या आसपास सोनं स्वतःही प्रकाश शोषतं. पेशी न घालता नुसते कण आणि एमटीटी लावून बघा.

हरितमार्गी: म्हणूनच मी वनस्पतींच्या अर्कातून कण बनवतो. रसायनं नाहीत, विषाचा प्रश्नच नाही.

जुना खेळाडू: अर्कातली पॉलिफिनॉल्स काय करतात एमटीटीचं? तेच. आणि एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष) तपासलंत कधी? धागाकर्ते, एमटीटी सोडा, एलडीएच (फुटलेल्या पेशींतून गळणारं एन्झाइम मोजायची चाचणी) करा. मी तेच करतो.

पेशीवाली: सरसकट नको. चांदीचे कण असतील तर एलडीएच एन्झाइमच निकामी होतं आणि पेशी ठणठणीत वाटतात. एक चाचणी पुरत नाही, जोडीला प्रोपिडियम आयोडाइड (पटल फाटलेल्या, मेलेल्या पेशींतच शिरणारा रंग) लावून मोजा.

नवखी: सनस्क्रीनमधलं टायटॅनियम डायऑक्साइड लावावं का?

हरितमार्गी: युरोपात बंदी आहे त्यावर!

जुना खेळाडू: २०२२ मध्ये बंदी आली ती खाद्यपदार्थांतल्या ई१७१ वर, म्हणजे खाण्यात घातलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडवर. सनस्क्रीनवर नव्हे. वेगळा धागा काढा.

वैतागलेला: पेशींशिवायही जांभळं झालं! तेवढं वजा करून देऊ का?

पेशीवाली: नको. पेशी असताना किती कण चिकटले, किती आत गेले, ते वेगळंच. सेंट्रिफ्यूज करा, वरचा द्रव काढून तोच पेशींवर घाला. त्यानेही मेल्या तर दोष सोन्याचा नाही, मोकळ्या सीटॅबचा.

वैतागलेला: मग धूत राहू?

जुना खेळाडू: फार धुतलंत तर लेप सुटून कांड्यांच्या गुठळ्या होतील. थायॉल-पेग (सोन्याला घट्ट चिकटणारा लेप) चढवा, मग धुवा. आणि डीएलएस (प्रकाशाने कणांचा आकार मोजणं) पाण्यात नको, सीरमवाल्या माध्यमात करा.

वैतागलेला: परवापर्यंत होईल हे?

पेशीवाली: नाही.